समुद्रातील तेल-वायू क्षेत्राचे हक्क आणि कामाच्या परवानग्या: पात्रता, कागदपत्रे व अर्जाचा क्रम

भारताच्या समुद्रात तेल किंवा नैसर्गिक वायू शोधून त्याचे उत्पादन करू इच्छिणाऱ्या कंपनीला एका अर्जावर सगळे मिळत नाही. क्षेत्रावरचा हक्क केंद्र सरकारशी होणाऱ्या करारातून आणि भाडेपट्ट्यातून मिळतो. प्रत्यक्ष रिग उभी करणे, विहीर खोदणे, नळवाहिनी टाकणे आणि उत्पादन सुरू करणे यांसाठी मात्र पर्यावरण, सुरक्षा, संरक्षण आणि नौवहन या खात्यांच्या परवानग्या वेगवेगळ्या घ्याव्या लागतात. क्षेत्र हाती आल्यानंतर पहिली विहीर खोदायला जो उशीर होतो, त्याचे कारण बहुधा या दुसऱ्या टप्प्याची तयारी वेळेवर सुरू न होणे हे असते. म्हणून पुढील माहिती कंपनीला ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने दिली आहे.

अर्ज कोणाकडे करायचा?

संविधानाच्या अनुच्छेद 297 नुसार प्रादेशिक समुद्र, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील खनिजे केंद्राच्या मालकीची आहेत. 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याप्रमाणे प्रादेशिक समुद्राची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्राची हद्द 200 सागरी मैल आहे. जमिनीवरील तेलक्षेत्राचा भाडेपट्टा राज्य सरकार देते, समुद्रातील क्षेत्राचा भाडेपट्टा केंद्र सरकार देते आणि त्याचे स्वामित्वधनही (रॉयल्टी) केंद्राकडेच जमा होते. मुंबई हाय हे 1974 मध्ये सापडलेले क्षेत्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर असल्यामुळे त्यात राज्याचा वाटा असणार, असा समज अनेकांचा असतो; कायद्यात त्याला आधार नाही.

धोरण व करार पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालयाचे असतात. अर्जांची छाननी, तांत्रिक मूल्यमापन आणि करारानंतरची देखरेख 1993 मध्ये स्थापन झालेले हायड्रोकार्बन महासंचालनालय, म्हणजे डीजीएच, करते. मूळ कायदा 1948 चा तेलक्षेत्रे (विनियमन व विकास) कायदा हाच आहे. त्यात 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘पेट्रोलियम भाडेपट्टा’ ही संज्ञा आणली असून पूर्वेक्षण, शोध, विकास आणि उत्पादन हे सर्व टप्पे तिच्यात येतात. कायदेभंगासाठी पूर्वी असलेली तुरुंगवासाची शिक्षा काढून त्या जागी 25 लाख रुपयांपर्यंतचा दंड आणि उल्लंघन चालूच राहिल्यास दररोज 10 लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवण्यात आला आहे.

क्षेत्र मिळवण्याचे मार्ग

नव्या अर्जदाराला दोन मार्ग खुले आहेत. पहिला मार्ग 2016 च्या हायड्रोकार्बन शोध व परवाना धोरणाखालील खुल्या क्षेत्राची योजना, जिला सर्वजण ओएएलपी म्हणतात; तिची सुरुवात 2017 मध्ये झाली. दुसरा मार्ग शोध लागलेल्या लहान क्षेत्रांच्या धोरणाचा, म्हणजे डीएसएफचा. ज्या क्षेत्रांत तेल किंवा वायू सापडल्याची नोंद आहे परंतु विकास झालेला नाही, अशी क्षेत्रे त्यात लिलावाला काढली जातात. ओएनजीसी किंवा ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांना नामनिर्देशनाने, म्हणजे बोलीविना, दिलेली जुनी क्षेत्रे या दोन्ही मार्गांच्या बाहेर आहेत. त्यांच्या विकासात सहभागी व्हायचे असेल तर संबंधित कंपनीच्या स्वतंत्र निविदेची वाट पाहावी लागते.

ओएएलपीचे वैशिष्ट्य असे की सरकारने क्षेत्र आखून देण्याची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्रीय डेटा भांडारात नोंदणी करून कंपनी भूकंपीय सर्वेक्षणांची (ध्वनिलहरींनी केलेल्या भूगर्भाच्या तपासणीची) आणि जुन्या विहिरींची माहिती पाहते, आपल्याला हवे ते क्षेत्र नकाशाच्या ग्रीडमध्ये स्वतः आखते आणि त्यासाठी स्वारस्यपत्र दाखल करते. स्वारस्यपत्रे वर्षभर ऑनलाइन दाखल करता येतात, मात्र त्यांचा विचार ठरावीक कालखंडांच्या गटांत होतो. पत्र दिल्यामुळे क्षेत्र आपले होत नाही; ते क्षेत्र पुढील बोलीफेरीत सर्वांसाठी खुले होते आणि ते सुचवणाऱ्या कंपनीला मूल्यमापनात काही जादा गुण मिळतात. पत्र देण्यापूर्वी क्षेत्र संरक्षण किंवा अंतराळ खात्याच्या प्रतिबंधित भागात येते का, हे तपासावे. 2022 मध्ये अशा प्रतिबंधित सागरी भागांपैकी सुमारे 99 टक्के क्षेत्र मोकळे करण्यात आले असले, तरी उरलेल्या पट्ट्यांच्या कडेला क्षेत्र आखणे म्हणजे पुढे अटींचा ससेमिरा ओढवून घेणे आहे.

पात्रता

अर्जदार भारतीय किंवा परदेशी कंपनी असू शकतो आणि एकट्याने अथवा अनेक कंपन्यांचा संघ करून बोली लावू शकतो. शोध व उत्पादनात 100 टक्के परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने करता येते आणि सरकारी कंपनीला हिस्सा देण्याची सक्ती नाही. मात्र भारताला जमिनीवरून लागून असलेल्या देशांतील गुंतवणूकदारांना 2020 च्या नियमानुसार सरकारची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, आणि अंतिम लाभार्थी अशा देशाचा असला तरीही हा नियम लागू होतो.

तांत्रिक पात्रता ऑपरेटरच्या, म्हणजे क्षेत्रातील प्रत्यक्ष काम चालवणाऱ्या कंपनीच्या, अनुभवावर, हाती असलेल्या क्षेत्रांवर आणि उत्पादनावर पाहिली जाते, तर आर्थिक पात्रता निव्वळ मालमत्तेवर ठरते. खोल समुद्राच्या क्षेत्रासाठी अपेक्षा अधिक कडक असतात. संघात प्रत्येक सदस्याने आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात आर्थिक क्षमता दाखवावी लागते. डीएसएफमध्ये तांत्रिक अनुभवाची पूर्वअट नाही. म्हणून पहिल्यांदा या व्यवसायात येणाऱ्या कंपनीने तिकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे, कारण तिथे साठा आहे की नाही हा सर्वांत महागडा प्रश्न आधीच बऱ्याच अंशी सुटलेला असतो.

बोली आणि तिची कागदपत्रे

बोली ई-पोर्टलवर सादर होते. कंपनीची नोंदणी व घटनापत्रे, संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचे मुखत्यारपत्र, लेखापरीक्षित वार्षिक लेखे, निव्वळ मालमत्तेचे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र, तांत्रिक अनुभवाचे पुरावे, बोलीची बँक हमी आणि संघ असल्यास हिस्सा व ऑपरेटर ठरवणारा आपसातील करार ही मुख्य कागदपत्रे आहेत. लेखे उपकंपनीचे नसून मूळ कंपनीचे दाखवायचे असतील, तर मूळ कंपनीची हमी द्यावी लागते. परदेशी कागदपत्रांचे प्रमाणीकरण वेळखाऊ असल्यामुळे ते सर्वांत आधी सुरू करावे. रकमा, नमुने आणि मुदती प्रत्येक फेरीच्या बोली-सूचनेत दिलेल्या असतात आणि मुदतवाढीची शुद्धिपत्रकेही निघतात. मागील फेरीचा नमुना भरून पाठवणे हे बोली बाद होण्याचे सहज टाळता येण्याजोगे कारण आहे.

बोलीत काय द्यायचे हे खोरे, म्हणजे भूगर्भातील गाळाच्या खडकांचा पट्टा, कोणत्या श्रेणीत आहे यावर अवलंबून असते. मुंबई ऑफशोअर किंवा कृष्णा-गोदावरी यांसारख्या पहिल्या श्रेणीच्या खोऱ्यात शोधाच्या कामाचा कार्यक्रम आणि सरकारला द्यायचा महसुली वाटा असे दोन्ही मोजले जातात. केरळ-कोकण यांसारख्या कमी अभ्यासलेल्या खोऱ्यांत 2019 च्या सुधारणांपासून केवळ कामाचा कार्यक्रम मोजला जातो आणि असाधारण नफ्याचा अपवाद वगळता महसुली वाटा मागितला जात नाही. स्वामित्वधन मात्र सगळीकडे आहे: उथळ समुद्रात 7.5 टक्के, 400 मीटरपेक्षा खोल पाण्यात पहिली 7 वर्षे शून्य व नंतर 5 टक्के, आणि 1,500 मीटरपेक्षा खोल पाण्यात 7 वर्षांनंतर 2 टक्के. कबूल केलेल्या विहिरी व सर्वेक्षणे पूर्ण न केल्यास भरपाई द्यावी लागते, म्हणून गुणांसाठी विहिरींची संख्या फुगवणे अंगाशी येते.

बोली मंजूर झाल्यावर महसूल-वाटणी करारावर सही होते. त्यासोबत कार्यक्रमाची बँक हमी, मूळ कंपनीची आर्थिक व कार्यपूर्ती हमी आणि विधिज्ञाचे मत जोडायचे असते. त्यानंतर भाडेपट्ट्यासाठी क्षेत्राचे अक्षांश-रेखांश, नकाशा, शुल्क आणि कराराची प्रत यांसह अर्ज होतो.

काम सुरू करण्यापूर्वीच्या परवानग्या

इथे खरी गुंतागुंत आहे, कारण एका खात्याच्या परवानगीची प्रत दुसरे खाते मागते. पर्यावरण मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर, 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यमापन अधिसूचनेखाली मागायची असते. 2020 च्या दुरुस्तीनंतर शोधाचे खोदकाम ब-2 श्रेणीत गेले असून त्याला तुलनेने सोपी प्रक्रिया लागते. विकास आणि उत्पादन मात्र अ श्रेणीतच राहिले आणि त्यासाठी केंद्रीय समितीपुढे पूर्ण अहवाल ठेवावा लागतो. शोधाच्या मंजुरीवर उत्पादन सुरू करता येत नाही. समुद्री हंगामाची आधारभूत माहिती गोळा करायला वेळ लागतो, म्हणून शोध यशस्वी ठरण्याची चिन्हे दिसताच दुसऱ्या अहवालाचे काम सुरू केलेले बरे. नळवाहिनी किनाऱ्यावर जिथे येते तिथे किनारा नियमन क्षेत्राची मंजुरीही लागते, आणि तो प्रस्ताव राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत जातो.

सुरक्षेसाठी 2008 चे समुद्रातील कामकाजाच्या सुरक्षेचे नियम लागू आहेत आणि त्यांचा सक्षम अधिकारी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, म्हणजे ओआयएसडी, आहे. रिग किंवा प्लॅटफॉर्म कामाला लावण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी लागते. अर्जासोबत धोक्यांचे मूल्यमापन, आपत्कालीन योजना, उपकरणांची प्रमाणपत्रे आणि रिगच्या वर्गीकरण संस्थेचे (जहाजे व रिग तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे) वैध प्रमाणपत्र असावे. प्रतिष्ठापनांभोवती 500 मीटरचे सुरक्षा क्षेत्र असते आणि त्याची सूचना नाविकांपर्यंत पोहोचवावी लागते. मासेमारीच्या पट्ट्यात काम असेल तर मच्छीमार संस्थांना आधीच कळवणे शहाणपणाचे ठरते, कारण जाळी आणि सर्वेक्षणाच्या केबल एकमेकांत अडकल्या की नुकसान दोघांचे होते.

परदेशी रिग, सर्वेक्षण जहाजे आणि त्यांवरील परदेशी कर्मचारी यांना संरक्षण खात्याची व नौदलाची सुरक्षा मंजुरी लागते. त्यासाठी जहाजाची नोंदणी, मालकी, खलाशांची यादी व पासपोर्टचा तपशील द्यावा लागतो, आणि खलाशी बदलला की यादीही बदलते. परदेशी ध्वजाच्या जहाजासाठी मुंबईतील नौवहन महासंचालनालयाची परवानगी वेगळी आहे. तेलगळतीला तोंड देण्याची योजना राष्ट्रीय आराखड्याशी जुळणारी असावी. समुद्रातील तेलगळतीचा समन्वय तटरक्षक दल करते.

शोध लागल्यानंतर

तेल किंवा वायू सापडल्यास त्याची सूचना डीजीएचला तातडीने द्यायची, साठा किती मोठा आहे हे पाहण्यासाठी मूल्यांकन विहिरी खोदायच्या आणि क्षेत्र व्यापारी दृष्ट्या किफायतशीर ठरले तर तशी घोषणा करायची, असा क्रम आहे. त्यानंतर क्षेत्र विकास आराखडा सरकार व कंपनी यांच्या प्रतिनिधींच्या व्यवस्थापन समितीपुढे येतो. साठ्याचा अंदाज, विहिरींची संख्या व जागा, प्लॅटफॉर्म किंवा समुद्रतळावरील उपकरणे, नळवाहिन्या, वर्षनिहाय उत्पादन, खर्च आणि काम बंद करतानाची व्यवस्था हे सर्व त्यात असते. जुन्या उत्पादन-वाटणी करारांत कंपनी आधी आपला खर्च वसूल करीत असल्यामुळे सरकार खर्चाची बाब न् बाब तपासत असे आणि त्यातून वाद वर्षानुवर्षे चालले. महसूल-वाटणीत वाटा एकूण महसुलावर असल्याने तो प्रश्न उरत नाही, मात्र उत्पादनाचे मोजमाप काटेकोर हवे. मोजमापाची जागा, मीटर आणि त्यांच्या तपासणीची पद्धत उत्पादनापूर्वी निश्चित करून घ्यावी.

आराखड्यातील शेवटचे प्रकरण, म्हणजे विहिरी बुजवून प्लॅटफॉर्म काढण्याची योजना, अनेकदा दोन परिच्छेदांत उरकलेले दिसते. त्यासाठी 1999 च्या योजनेनुसार स्टेट बँक ऑफ इंडियात स्थळ पुनर्स्थापना निधीचे खाते उघडून उत्पादनाच्या काळात रक्कम भरता येते. ही रक्कम ठरावीक मर्यादेत करपात्र उत्पन्नातून वजा मिळते, पण ती त्याच कामासाठी काढता येते, आणि खाते उघडताना पेट्रोलियम मंत्रालयाशी झालेल्या कराराची प्रत बँकेला द्यावी लागते.