परसबागेची रब्बी तयारी (सातारा–सांगली)

पावसाळा ओसरल्यावर, साधारण भाद्रपदअखेरीपासून दिवाळीपर्यंत, घरामागच्या परड्यात हिवाळी भाज्या, फुले आणि फळझाडांसाठी केली जाणारी मशागत. या कामाचा मुहूर्त कॅलेंडर ठरवत नाही, माती ठरवते.

पश्चिमेकडे महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत मुसळधार पावसाने जांभ्या मातीतली अन्नद्रव्ये वाहून गेलेली असतात. तिथे आधी भरपूर खत द्यावे लागते. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत परतीचा पाऊस हाच मोठा आधार, त्यामुळे ओल धरून ठेवणे हे पहिले काम. कृष्णा-वारणाकाठची काळी माती ओली असताना खोऱ्याला चिकटते आणि वाळली की भेगाळून टणक होते. तिच्यात हात घालायचा तो वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशा बेताच्या ओलीवर. मूठभर माती दाबून गोळा करावा. तो खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला समजावे. चिखलात खणलेल्या वाफ्यात ढेकळे होतात आणि मेथी-पालकाचे बारीक बी वर येत नाही. हस्ताचा पाऊस संपेपर्यंत थांबणे म्हणूनच शहाणपणाचे.

खताबाबत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या (मुळे कुरतडणाऱ्या किडीच्या) अळ्या बागेत येतात, आणि ऊसपट्ट्यात हुमणीचा त्रास आधीच मोठा आहे. खत पूर्ण कुजलेले, काळसर, भुसभुशीत आणि वास न येणारे असावे. उसाचे पाचट, म्हणजे वाळलेला पाला, या भागात मुबलक मिळते. ते जाळणे म्हणजे मातीचे अन्न जाळणे. बारीक करून रोपांभोवती पसरल्यास ऑक्टोबरच्या उन्हात ओल टिकते. मात्र नुसते मातीत गाडले तर कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात.

पालेभाज्यांना सपाट वाफे, तर मुळा आणि गाजराला सरी-वरंबा (चर आणि त्यालगतचा मातीचा उंचवटा) बरा. धने हलके रगडून दोन फाकी करून पेरतात. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणून ती एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने थोडी थोडी पेरावी. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून लावतात. वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपे गादीवाफ्यावर (जमिनीपासून उंच केलेल्या वाफ्यावर) करून मग हलवतात. मिरचीचेही तसेच.

फळझाडांचे गणित उलटे असते. तासगावकडे द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची धांदल चालू असताना, परड्यातल्या मोठ्या आंब्याला मात्र पाणी तोडावे लागते. या दिवसांत पाणी मिळाले की झाड मोहोराऐवजी पालवी धरते. नवे कलम याला अपवाद, त्याला पाणी हवेच. कागदी लिंबाचा हस्त बहार, म्हणजे हस्त नक्षत्राच्या सुमाराचा फुलोरा, याच सुमारास फुलतो आणि फळे उन्हाळ्यात, मागणीच्या दिवसांत हाती येतात. गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर करतात. मोगऱ्याची घाई नको, त्याला हिवाळ्यात ताण देऊन (पाणी तोडून) नंतर छाटतात.

उन्हाळी वेलांची तयारीही आत्ताच सुरू होते. दुधी, दोडका, कारले यांसाठी खड्डे खणून त्यांत पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर भरून ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीत बी टोकेपर्यंत ते कुजून तयार होतात.