बियरमध्ये केळं कोण घालतं?

पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत गव्हाची बियर, म्हणजे हेफेवाइझन, पहिल्यांदा चाखणाऱ्याचा हमखास प्रश्न असतो: ‘यात केळ्याचा इसेन्स टाकलाय का?’ टाकलेला नसतो. मागून येणारी लवंगही कुणी घातलेली नसते. पाणी, गहू आणि जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडे हॉप्स (कडवट चवीची फुलं) आणि यीस्ट, एवढाच ऐवज. बाकी सगळी यीस्टची करामत. माल्टचा तोच काढा दोन बादल्यांत ओतून एकीत दक्षिण जर्मनीतलं बव्हेरियन गव्हाच्या बियरचं यीस्ट आणि दुसरीत नेहमीच्या अमेरिकन एल (ale) बियरचं यीस्ट सोडलं, तर दुसरीतल्या बियरला ना केळ्याचा वास येतो ना लवंगेचा. गंमत म्हणजे दोन्ही यीस्टची प्रजाती एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारंही तेच, फरक वाणाचा.

आधी लवंग. धान्याच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल असतं आणि ते यीस्टला बाधतं. पॅड-१ आणि एफडीसी-१ या दोन जनुकांच्या जोरावर यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं. उरतं ४-विनाइल ग्वायकॉल, म्हणजे लवंगेचा वास. वास मारणारं विरजण फेकून देऊन चांगलं तेवढं जपावं, तसं ब्रुअर मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यामुळे बियरच्या बहुतेक वाणांत ही जनुकं मोडलेली सापडतात. बव्हेरियात हा वास आवडला, म्हणून तिथल्या गव्हाच्या यीस्टमध्ये ती शाबूत राहिली.

केळ्याची वाट वेगळी. ल्यूसीन या अमिनो आम्लातला नायट्रोजन काढून घेतल्यावर जो सांगाडा उरतो, त्याचं यीस्ट आयसोअमाइल अल्कोहोल करतं. मग एटीएफ-१ जनुकाचं विकर त्याला अ‍ॅसिटाइल को-ए मधला अ‍ॅसिटिल गट जोडतं आणि आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार होतं. पिकल्या केळ्याचा मुख्य वास हाच. पण यीस्टला या उद्योगातून काय मिळतं? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे जनुक काढून टाकलेल्या यीस्टकडे फळमाश्या कमी फिरकल्या. यीस्टला पाय नाहीत; माशीच्या पायांना चिकटूनच त्याला पुढचं फळ गाठायचं असतं. थोडक्यात, ग्लासातला तो सुगंध मुळात चिलटांसाठी आहे.

आता कृती. परवान्याशिवाय घरी बियर करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. हे आकडे ब्रिटन-अमेरिकेसारख्या, मुभा असलेल्या ठिकाणच्या मंडळींसाठी. 20 लिटरला लागणाऱ्या माल्टपैकी निम्मं किंवा थोडं जास्त गव्हाचं घ्यावं. लवंग हवी तर भरडलेलं माल्ट पाण्यात कालवून आधी 44 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं धरावं, म्हणजे फेरुलिक आम्ल सुटतं. मग 66 अंशांवर तासभर. उकळून गार केल्यावर 11 ग्रॅमचं एक पाकीट कोरडं यीस्ट पुरतं. 17-18 अंशांवर आंबवलं तर लवंग पुढे येते, 21-22 वर केळं. मात्र तापमान काढ्याचं मोजायचं. आंबणं जोरात असताना बादली खोलीपेक्षा 3-4 अंशांनी सहज तापते, आणि 25 च्या वर केळ्याचं नेलपॉलिश होतं. बादली पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओलं कापड गुंडाळलं की माठाच्या न्यायाने थोडी उतरते.

ऑक्सिजन एटीएफ-१ ला दाबतो, म्हणून केळं हवं असेल तर काढा बेताचाच घुसळतात, म्हणजे त्यात हवा कमी मिसळते; शिवाय द्रव यीस्टही जरा कमी घालतात. हात फार आखडला तर आंबणं अर्ध्यावरच अडतं.

उकाड्यातच बियर करायची असेल तर नॉर्वेतल्या शेतघरांचं क्वाइक हे यीस्ट. ते 30 ते 38 अंशांवर आंबवतात, बहुधा तीन-चार दिवसांत काम उरकतं, आणि त्यात लवंग नसते. सध्या त्याचा गवगवा भलताच आहे, पण त्याच्यावरही हेफेवाइझन होणार नाही. ‘घरच्या बियरने डोकं धरत नाही’ हेही थोतांडच. इथेनॉल घरचं असलं तरी इथेनॉलच.

खरा धोका सेझॉन या बेल्जियन बियरच्या यीस्टच्या काही वाणांत आहे. त्यांतलं एसटीए-१ जनुक इतर यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचीही (स्टार्चच्या तुकड्यांचीही) साखर करतं. घनता 1.010 वर थबकली म्हणून लिटरला 6 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या, की आत ती 1.003 पर्यंत उतरत राहते आणि बाटली फुटते. अशा वाणाला हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या नळीवर) आठवडाभर तोच आकडा दिसेपर्यंत बूच लावू नये.