‘निधी नाही’ म्हणजे विषय संपला?
नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर एक समज घट्ट बसलाय: साहेब ‘निधी नाही’ म्हणाले की विषय संपला. हे खरं नाही. उदाहरणार्थ, तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पैशाची अडचण सांगून सरकारला ही जबाबदारी झटकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंगालच्या एका खटल्यात बजावलंय. म्हणून विनवणी नको, हिशेब मागा: तरतूद किती, आली किती, गेली कुठे? आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे आदिवासींसाठी वेगळ्या ठेवलेल्या सरकारी पैशातला, ५ टक्के निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा जिथे लागू आहे त्यांना) थेट मिळतो. त्याच्या नियोजनात ग्रामसभेचा शब्द मोलाचा. बायांनी तिथे बसायलाच हवं. कागद दाखवले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालतो आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही.