'खश्म', 'अन्फ' आणि 'नोज'

कतारची राजधानी दोहा, तिथल्या एखाद्या अरबी घरातलं पाच वर्षांचं मूल नाकाला 'खश्म' म्हणतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अरबीच्या तासाला त्याला कळतं की पुस्तकातलं नाक 'अन्फ' असतं. पुढच्या तासाला विज्ञानाच्या बाई येतात आणि नाकाचं 'नोज' होतं. खिडकीचीही तीच गत: घरी 'दरीशा', पुस्तकात 'नाफिधा', विज्ञानाच्या तासाला 'विंडो'. घरात 'आत्ता' म्हणजे 'अल्-हीन', पण धड्यात 'अल्-आन'.

आपल्याकडेही मालवणी घरातलं मूल 'माका' म्हणत शाळेत जातं आणि 'मला' लिहायला शिकतं. पण ते अंतर ओसरीवरून माजघरात जाण्याइतकंच. अरबीत बोली आणि लेखी भाषा यांच्यामध्ये बरंच मोठं अंगण आहे. लेखी अरबीला 'फुसहा' म्हणतात. कुराणाच्या अभिजात अरबीशी नातं सांगणारी ही भाषा बातम्यांत, पुस्तकांत, भाषणांत असते, पण कुठलीच आई बाळाशी फुसहात बोलत नाही. नामांची विभक्ती, क्रियापदाचं द्विवचन, असं बरंच काही बोलींनी केव्हाच टाकून दिलं, ते फुसहाने जपलं. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये या दुहेरी संसाराला 'डायग्लॉसिया' हे नाव रूढ केलं. त्याच्या चार उदाहरणांत अरबी होतीच.

मेंदूलाही हे अंतर जाणवतं का? इस्रायलमधल्या अरब विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत सोपी होती. आधी एक शब्द ऐकवायचा, मग त्याच्याशी अर्थाने जोडलेला दुसरा, आणि तो ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पहिल्या शब्दाने दुसऱ्याची वाट किती मोकळी केली, हे त्यावरून कळतं. बोली आणि फुसहा या एकाच भाषेच्या दोन तऱ्हा असत्या तर दोन्हींचे शब्द सारखेच वागायला हवे होते. प्रत्यक्षात फुसहाचं वागणं शाळेत शिकलेल्या हिब्रूच्या जवळ जाणारं निघालं, म्हणजे दुसऱ्या भाषेसारखं.

आखाती देशांत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवावं का, या वादात नेमकी हीच गोष्ट निसटते. समर्थक कॅनडाचा दाखला देतात. १९६५ मध्ये माँट्रिऑलजवळच्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी घरांतल्या मुलांना थेट फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीला धक्का लागला नाही. पण त्या मुलांच्या घरात, टीव्हीवर, गोष्टीच्या पुस्तकांत एकच इंग्रजी होती. शाळेने पाठ फिरवली तरी तिला बाहेर भरपूर वाली होते. याच प्रयोगावर काम करणाऱ्या वॉलेस लँबर्ट यांनी पुढे दोन प्रकार वेगळे सांगितले: एका भाषेत दुसरीची भर पडते तो, आणि दुसरी येऊन पहिलीला वजा करते तो.

आखातातल्या मुलाची बोली सहसा वजा होत नाही. ती आजी-आजोबांकडे, मजलिसमध्ये, भांडणात टिकते. वजा होते ती फुसहा, कारण शाळा हेच तिचं मोठं घर. गणित आणि विज्ञान इंग्रजीत गेलं की तिच्या वाट्याला उरतो भाषेचा तास आणि धर्माचा तास. पेशी, त्रिकोण, बाष्पीभवन यांच्याशी तिची ओळखच होत नाही.

त्यात अरबी वाचन सरावावर चालतं. पहिल्या काही इयत्ता सरल्या की ऱ्हस्व स्वरांच्या खुणा छापत नाहीत. समोर असतं फक्त 'ह-क-म'. ते 'हुक्म' म्हणजे आपला हुकूम असू शकतं, 'हकम' म्हणजे सामन्यातला पंच, किंवा 'हिकम' म्हणजे शहाणपणाच्या गोष्टी. आपली 'हिकमत' याच कुळातली. कोणतं, ते वाक्य ठरवतं, आणि ते हेरायला फुसहाचं व्याकरण अंगवळणी पडलेलं लागतं. तास कमी झाले की पहिला फटका इथे बसतो.

गणिताची मजा आणखी वेगळी. काही अरब देशांतल्या अरबी माध्यमाच्या पुस्तकांत समीकरण उजवीकडून डावीकडे चालतं आणि 'एक्स'च्या जागी 'सीन' हे अक्षर असतं. अरबीत पंचवीस म्हणजे 'पाच आणि वीस', एकं आधी, अगदी आपल्या 'पंचवीस'सारखं. इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाला समीकरणाची दिशाही बदलावी लागते आणि आकड्याचा क्रमही. शिवाय 'अल्जिब्रा' हे नाव अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या पुस्तकातल्या 'अल्-जब्र'वरून आलेलं. ते आता परत येतं, पण इंग्रजी टोपी घालून.

कतारने हे करून पाहिलं. रँड या अमेरिकी संस्थेच्या सल्ल्याने २००४ पासून नव्या 'स्वतंत्र शाळा' निघाल्या आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवण्यावर भर आला. पालकांत, शिक्षकांत कुरकुर वाढली. २०१२ मध्ये सरकारने कतार विद्यापीठाला कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता असे विषय पुन्हा अरबीतून शिकवायला सांगितले. दरम्यान शेजारच्या संयुक्त अरब अमिरातींमधल्या अबू धाबीने २०१० मध्ये सरकारी शाळांत गणित-विज्ञानासाठी इंग्रजी आणली होती. शेजारी शेजारी दोन अमिराती, दोन उलट्या दिशा.

ओळखीचं काय? ती मोजणं अवघड, आणि या विषयावर भावनिक भाषणं फार होतात. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला बोलका वाटतो. मोरोक्कोत अरबी आणि शाळेची फ्रेंच अशा दोन्ही येणाऱ्या लोकांची नकळत असलेली पसंती संगणकावर, किती झटकन बटण दाबलं यावरून, तपासली. चाचणी अरबीत घेतली तेव्हा कल मोरोक्कन नावांकडे जास्त दिसला, तीच माणसं फ्रेंचमध्ये बसली की तो कमी झाला. एका बैठकीतला हा फरक माणूस कायमचा बदलल्याचा पुरावा नव्हे. भाषेबरोबर मनातला कोणता कप्पा उघडतो, एवढंच त्यातून दिसतं.

आणि बोली? तिला फोनमध्ये वेगळीच लिपी सापडली. सुरुवातीच्या फोनवर अरबी अक्षरं नव्हती, म्हणून मुलांनी रोमन अक्षरांत अरबी लिहायला घेतली आणि रोमनमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी आकडे वापरले. 'ऐन' हे अक्षर उलट्या तीनसारखं दिसतं, म्हणून तिथे तीन. घशातून येणाऱ्या 'ह'साठी सात. फोनवर अरबी कीबोर्ड आला, तरी सवय राहिली. 'खश्म' म्हणणारं ते मूल पंधरा वर्षांचं होतं आणि आईला 'आत्ता येतो' असा निरोप टाकतं, तेव्हा 'अल्-हीन'मध्ये सातचा आकडा असतो. 'अल्-आन' त्याच्या बोटांवर येतच नाही.