मिसळीचं बिल, साल १९७०

गेल्या आठवड्यात शाहूपुरीत मिसळ खाल्ली. बिलावर तारीख ०१-०१-१९७०, वेळ ०७:४१. माझ्या मनगटावर १०:४१. गल्ल्यावरचं पोरगं म्हणालं, "लाइट गेल्यापास्नं मशीन असंच करतंय बघा." मशीनच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची. मी विचारलं, "लाइट साडेआठला आली काय रं?" पोरगं चाट पडलं.

यात जादू नाही, वजाबाकी आहे. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या घराण्यातल्या यंत्रणा तारीख-वेळ म्हणून एकच आकडा सांभाळतात: १ जानेवारी १९७०ला ग्रीनिचच्या घड्याळात मध्यरात्र झाली, तेव्हापासूनचे सेकंद. यंत्र बंद असताना आतलं क्वार्ट्झचं घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर वेळ धरून ठेवतं. सेल मेला की लाइट जाताच मोजणी शून्यावर, आणि लाइट आली की तिथूनच पुन्हा सुरू. शून्य म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. तिथून ७:४१ म्हणजे २ तास ११ मिनिटं. तेवढी १०:४१ मधून काढली की साडेआठ. चार-सहा दिवसांच्या लिंबांच्या पैशात नवा सेल आला असता.

खरी गंमत पुढं आहे. जुन्या यंत्रणांत या आकड्याला ३२ बिटांची जागा (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढा एक खण). त्यातला एक बिट अधिक की उणे हे सांगण्यात खर्ची पडतो. उरलेल्या ३१ बिटांत जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ मावतात. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतील. पुढच्या सेकंदाला ३१च्या ३१ बिटांतल्या १ची शून्यं होऊन हातचा एक वर सरकणार, आणि वर बसलाय चिन्हाचा बिट! आकडा थेट उणे २,१४७,४८३,६४८. यंत्राच्या लेखी ग्रीनिचला १३ डिसेंबर १९०१ची रात्र, पावणेनऊचा सुमार. (उणे आकडे असे का लिहितात ते 'दोनचा पूरक' शिकल्यावर उलगडतं, घाई नाही.)

यावरून 'जग बंद पडणार' असले फॉरवर्ड येतील, डिलीट करा. आजचे बहुतेक फोन आणि संगणक ६४ बिटांनी मोजतात, ते सुमारे २९२ अब्ज वर्षं पुरतं. धास्ती आहे ती भिंतीत, मीटरात, गल्ल्यावर बसवून विसरलेल्या जुन्या यंत्रांची.

मिसळवाल्याचं मशीन किती बिटांचं, ते बघायला परवा पुन्हा गेलो. तारीख अजून १९७०. लिंबू मात्र नवं होतं.