रील हलतंय की सीट फिरतेय? हाताला सारखंच लागतं, दुरुस्ती एकदम वेगळी

मासेमारीच्या स्पिनिंग रॉडवरचं रील (दोरा गुंडाळायची फिरकी) डुगडुगायला लागलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "रील सीट लूज झालीये" (रील सीट म्हणजे रॉडवर रील बसवायची जागा). घोळ इथंच सुरू होतो, कारण या एका वाक्यात दोन वेगवेगळे प्रॉब्लेम बसलेत. एकात सीट रॉडवर एकदम पक्की असते पण रीलचा पाय (सीटमध्ये बसणारी चपटी पट्टी) हलत असतो, आणि दुसऱ्यात पाय सीटमध्ये घट्ट असतो पण सीटच आतल्या ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) फिरत असते. कास्ट मारताना (गळ फेकताना) हाताला दोन्ही सारखंच जाणवतं, तेच टुक टुक. पहिल्याला टेपचा एक वेढा पुरतो, दुसऱ्याला इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) लागते.

मी स्वतः यात फसलोय म्हणून सांगतो. दोन आठवडे रीलच्या पायाला टेप गुंडाळत बसलो, एक वेढा, मग दोन, मग रबराची पट्टी, शेवटी नट इतका आवळला की हूडला (पाय धरून ठेवणाऱ्या टोपीला) बारीक तडा गेला, आणि एवढं सगळं करूनही रील हलतंच होतं कारण हलत होती ती सीट, पायाचा काही संबंधच नव्हता. त्यामुळे आधी काय हलतंय ते बघा, हत्यारं नंतर काढा.

बघायचं कसं, तर रील काढून बाजूला ठेवा. एका हाताने मागची मूठ धरा, दुसऱ्याने नुसती सीट धरा आणि ओला कपडा पिळतो तसं हलकं पिळा. सीट जराशी जरी फिरली किंवा आतून कट्‌ कट्‌ असा बारीक आवाज आला तर गोंद सुटलाय, विषय संपला. शंका वाटत असेल तर सीट आणि मूठ जिथं भेटतात तिथं मार्करने दोन्हीवरून एक सरळ रेघ मारा, रील लावून थोडा वेळ वापरा आणि परत बघा, रेघ तुटलेली दिसली तर सीट फिरतेय. एक मात्र लक्षात ठेवा, कधीकधी मूठ आणि सीट दोन्ही मिळून फिरतात आणि रेघ सरळच राहते, म्हणून पिळताना एकदा पुढचा उघडा ब्लँक धरूनही बघा. सीट ढिम्म हलत नसेल तर रील लावा, पाय आणि हूड यांच्या फटीवर अंगठ्याचं नख टेकवा आणि रील डावीकडे उजवीकडे ढकला, पाय सरकतोय ते नखालाच कळतं. (दोन्ही पक्कं निघालं आणि तरी काहीतरी खुळखुळतंय, तर तो खेळ रीलच्या हँडलमध्ये किंवा रीलच्या फिरणाऱ्या भागात, रोटरमध्ये असणार, सीटला कशाला दोष देताय.)

आता पहिला प्रकार, पाय हलतोय. सीटला दोन हूड असतात, एक जागेवर पक्कं आणि एक आट्यांवरून सरकणारं, आणि रीलचा पाय या दोघांच्या मध्ये दाबून धरलेला असतो. सगळ्या रीलचे पाय एका मापाचे नसतात, कुठला जाड कुठला पातळ, कुठला लांब, त्यामुळे एका रॉडवर गच्च बसणारं रील दुसऱ्यावर डुगडुगतं आणि त्यात बिघाड काहीच नसतो. आधी रील काढून आटे जुन्या टूथब्रशने गोड्या पाण्यात घासा. वाळू आणि मीठ अडकलं की नट मध्येच जाम होतो आणि आपल्याला वाटतं पूर्ण आवळला. मग पाय आधी पक्क्या हूडमध्ये पूर्ण आत सरकवा, दुसरं हूड त्यावर आणा आणि आवळताना रील हलकं हलवत राहा म्हणजे पाय आपोआप बसतो. तरी खेळ राहिला तर पायाच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रिकल टेपचा एकेक वेढा, बस. नटाच्या मागे वेगळा लॉकनट असेल तर तोही वापरा, बरेच जण तो शोभेचा समजून सोडून देतात. ज्या रॉडमध्ये नट सीटच्या पुढच्या बाजूला असतो तिथं तो बोटांखालीच येतो आणि दिवसभर कास्ट मारताना नकळत सैल होतो, तिथं अधूनमधून हात लावून बघायची सवय ठेवायची, दुरुस्ती वगैरे काही नाही.

पक्कड अजिबात लावू नका. बहुतेक ग्रॅफाइट सीट म्हणजे शेवटी कार्बन मिसळलेलं प्लास्टिकच असतं, हाताने आवळून जेवढं होतं तेवढंच त्याला झेपतं. आणि पायाखाली फेविक्विकसारखं काही सोडू नका, रील कायमचं चिकटलं तर सर्व्हिसिंगला काढणार कसं? आटेच झिजले असतील किंवा हूड फुटलं असेल तर मात्र टेपने भागत नाही, सीट बदलावी लागते.

दुसरा प्रकार खरा कामाचा. सीट म्हणजे एक नळी, तिचं आतलं भोक साधारण १६ ते २० मिलिमीटर, आणि ब्लँक त्यापेक्षा बारीक. मधली पोकळी भरायला कॉर्कची, फोमची किंवा नुसती मास्किंग टेपची कडी घातलेली असतात आणि त्यावर इपॉक्सी. बनवताना इपॉक्सी कमी पडली किंवा टेपमध्ये पाणी मुरत गेलं की ही पकड हळूहळू सुटते, आणि स्पिनिंगमध्ये रील खाली लटकलेलं असल्यामुळे प्रत्येक वेळी हँडल फिरवताना सीटला पीळ बसत राहतो.

सीटच्या पुढची मूठही सुटलेली असेल तर उलट नशीब समजा. ती पहिल्या गाइडपर्यंत (दोरा ज्यातून जातो त्या रिंगपर्यंत) वर सरकवा, मागोमाग सीट वर घ्या, आतला ब्लँक उघडा पडतो. जुना गोंद खरवडा, ब्लँकची फक्त चकाकी जाईल इतपत पॉलिश पेपर फिरवा (कार्बनचे धागे कापू नका), स्पिरिटने पुसा, मास्किंग टेपची कडी नव्याने करा. दोन कड्यांमध्ये ५-६ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, तिथंच इपॉक्सी ब्लँक आणि सीट दोघांना थेट धरते, आणि कड्यांच्या कडाही इपॉक्सीने बंद करा म्हणजे पाणी शिरणार नाही.

पुढची मूठ पक्की असेल तर ती कापायच्या आधी सिरिंजची युक्ती करून बघा. सीटवर रीलचा पाय जिथं झाकतो तिथं २ मिलिमीटरची दोन भोकं पाडायची, एकातून इपॉक्सी आत जाते आणि दुसऱ्यातून हवा बाहेर येते, एकच भोक पाडलंत तर आतली हवा इपॉक्सीला जागाच देत नाही. ड्रिल बिटवर टेपची खूण करा आणि मशीन न वापरता बिट हाताने फिरवा, कारण सीट पार करून बिट ब्लँकमध्ये घुसला तर तुम्ही लूज सीटच्या बदल्यात मोडका रॉड घेतलात, कार्बनला तिथं जखम झाली की पुढे लोड आल्यावर तो तिथूनच जातो. आत फोम गच्च भरलेला असेल तर इपॉक्सी पसरत नाही, मग ही युक्ती सोडा आणि मूठ कापायची तयारी करा.

इपॉक्सीतही लोक गल्लत करतात. ५ मिनिटांत सेट होणारी घाईला बरी, पण पाण्यात आणि सततच्या हादऱ्यात ती हळू सुकणारीइतकी टिकत नाही, शिवाय गाइड सरळ करायच्या आत घट्ट होऊन बसते. गाइड ज्या दोऱ्याने बांधलेले असतात त्या दोऱ्यावर लावायची पातळ फिनिश तर इथं नकोच, ती पोकळीतून ओघळून जाते. मूठ सरकवून करताय तर हळू सुकणारी, दाट पेस्टसारखी घ्या, सिरिंजवाल्या कामाला त्यातलीच जरा वाहती.

भरून झालं की लगेच रील लावा आणि मागून गाइडच्या रेषेत बघा, रीलचा दांडा आणि सगळे गाइड एका ओळीत आले पाहिजेत, नाहीतर सीट पक्की होईल पण वाकडी. आट्यांवर आलेली इपॉक्सी ओली असतानाच स्पिरिटने पुसा. मग रील हलक्या हाताने काढून घ्या, नाहीतर भोकातून वर आलेली इपॉक्सी पायालाही धरून बसेल, आणि भोकांवर टेप लावा. रॉड २४ तास आडवा, हात न लावता. मिक्स केलेल्या कपात थोडी इपॉक्सी शिल्लक ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नख दाबून बघा, नखाचा ठसा उठला तर अजून एक दिवस रॉड तसाच पडू द्या.