ग्रंथालय घरापर्यंत कसे आले

रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर ग्रंथालयाचे पुस्तक उघडता येते. सकाळी भांडी घासताना त्याच पुस्तकाचा पुढचा भाग ऐकता येतो, आणि दुपारी मुलांना चारशे वर्षांपूर्वीचे एखादे चित्र छापून रंगवायला देता येते. हे सगळे इंटरनेटने दिले, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. ग्रंथालयाने उंबरठा ओलांडला तो फार आधी. आणि बहुतेक वेळा तो ओलांडला अशा कोणासाठी तरी, ज्याला ग्रंथालयापर्यंत येताच येत नव्हते.

सुरुवात साखळीपासून करावी लागते. इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथीड्रलमध्ये १६११ साली बांधलेली पुस्तकांची कपाटे आजही आहेत. तिथल्या पुस्तकांच्या पुढच्या पुठ्ठ्याला साखळी जोडलेली आहे आणि तिचे दुसरे टोक फळीखालच्या लोखंडी गजात अडकवलेले आहे. पुस्तके आपल्या डोळ्यांना उलटी वाटतात, कारण त्यांची पाठ आत आणि पानांच्या कडा बाहेर असतात. तशी ठेवली की साखळीचा पीळ न पडता पुस्तक खालच्या मेजावर उतरवून उघडता येते. साखळी जेवढी लांब, तेवढेच पुस्तक लांब जाणार. हाताने लिहिलेला ग्रंथ तयार व्हायला महिनोन्महिने लागत आणि पुढे छापील ग्रंथही महागच होते, त्यामुळे या बंदोबस्तात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. वाचणाऱ्याने पुस्तकाकडे यायचे, हा नियम होता.

तो मोडला तो पैशाच्या आणि विश्वासाच्या जोरावर. १७३१ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रमंडळींनी वर्गणी काढून लायब्ररी कंपनी उभी केली. एकेकट्याला न परवडणारी पुस्तके सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि सभासदांनी ती घरी न्यायची, अशी ती कल्पना होती. शंभरएक वर्षांनी लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड म्यूडी याने १८४२ पासून पुस्तके वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी (तेव्हाचे इंग्रजी चलन) भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. त्या काळच्या इंग्रजी कादंबऱ्या तीन-तीन खंडांत निघत, त्याचे एक कारण हेच. एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरे. म्यूडीची पुस्तके पेट्यांत भरून रेल्वेने गावोगाव जात. आज आपण घरबसल्या जे मागवतो, त्याचा हा पूर्वजच म्हणायला हवा. पण वर्गणी न परवडणारा बाहेरच राहिला. त्याच्यासाठी दार उघडायला सार्वजनिक ग्रंथालये यावी लागली. ब्रिटनमध्ये त्यासाठीचा कायदा १८५० साली झाला. अमेरिकेत बोस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय १८५४ साली सुरू झाले आणि सामान्य नागरिकांना मोफत पुस्तके घरी नेऊ देणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरी ग्रंथालयांत त्याची गणना होते.

शहराचे झाले, पण दूर राहणाऱ्यांचे काय? इथून पुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो.

१८७६ पासून अमेरिकेच्या दीपगृह खात्याने समुद्रातल्या खडकांवर आणि बेटांवर राहणाऱ्या दीपपालांच्या कुटुंबांसाठी पुस्तकांच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली. एका पेटीत साधारण चाळीस पुस्तके. पेटी अशी बनवलेली की उभी करून दारे उघडली की तिचेच कपाट व्हावे. काही महिन्यांनी बोट येई, वाचून झालेली पेटी परत नेई आणि दुसऱ्या दीपगृहावरून आलेली पेटी ठेवून जाई. तेच पेटीचे तंत्र १८९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मेल्विल ड्यूई या ग्रंथपालाने खेड्यांसाठी वापरले. भारतात ते बडोद्याला पोचले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्याही होत्या.

पेटी गावापर्यंत जाते, घरापर्यंत नाही. ही उणीव मेरी टिटकम या ग्रंथपाल बाईंना खुपत होती. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनच्या ग्रंथालयात त्या काम करत. दुकानांत, पोस्टात पुस्तकपेट्या ठेवूनही शेतावर एकटी पडलेली घरे सुटत होती. १९०५ साली त्यांनी घोडागाडीच पुस्तकांनी भरली. दोन्ही बाजूंना फळ्या, वर साधारण दोनशे पुस्तके, आणि हाकायला ग्रंथालयाचाच शिपाई. गाडीचा रंग काळा होता. एका शेतकऱ्याने ती लांबून पाहिली आणि ओरडून सांगितले, इथे थांबू नका, आमच्याकडे कोणी मेलेले नाही. त्याला ती प्रेत न्यायची गाडी वाटली होती. त्यानंतर चाके आणि दारे लाल रंगाने रंगवून घेतली गेली. पुस्तकाने माणसाची वाट बघत बसायचे नाही, माणसाकडे जायचे, असे टिटकमबाईंचे म्हणणे होते. साखळीचा नियम इथे पुरता उलटा झाला. पुढे १९३१ साली तमिळनाडूत मन्नारगुडीजवळ ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या हस्ते पुस्तकांची बैलगाडी निघाली. त्याच वर्षी त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध झाले. त्यातला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. घरी पुस्तक पोचवण्यामागचे शास्त्र एवढ्या तीन शब्दांत बसते.

आता केंटकीच्या डोंगरांत जाऊ. १९३५ ते १९४३ या काळात, मंदीने पोळलेल्या अमेरिकेत, सरकारी रोजगार योजनेतून बायका घोड्यावर, खेचरावर बसून ओढे-नाले ओलांडत घरोघरी पुस्तके नेत. आठवड्याला दीडशे किलोमीटरहून जास्त वाट त्या तुडवत. घोड्यावरच्या या ग्रंथपालांवर पुष्कळ लिहिले जाते, पण त्यांच्या चिकटवह्यांकडे फारसे कोणी बघत नाही. पुस्तके कमी आणि मागणी फार, म्हणून फाटक्या मासिकांची कात्रणे कापून, चिकटवून त्या स्वतःच नवी पुस्तके तयार करत. त्यांत पाककृती होत्या आणि गोधड्यांचे नमुनेही. वाचणाऱ्या बायकांनी घ्यावे म्हणून ते ठेवलेले, पण त्या नुसत्या घेऊन थांबल्या नाहीत. आपल्याकडचे नमुने, आपल्या पाककृती त्यांनी परत पाठवल्या. त्या पुढच्या चिकटवहीत गेल्या आणि डोंगरापलीकडच्या घरात पोचल्या. पानांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून नाताळची जुनी शुभेच्छापत्रे खुणेसाठी पुस्तकांत घातली जात.

ग्रंथालय आणि घरातले हातकाम यांचे नाते शोधायचे तर मी या चिकटवह्यांपाशी थांबेन. हस्तकलेचे उपक्रम ही ग्रंथालयांची अलीकडची टूम आहे, मुलांना खेचायला काढलेली, असे अनेकदा ऐकू येते. पण पुस्तक घरी आले की हात स्वस्थ बसत नाहीत, हे त्या बायकांना तेव्हाच ठाऊक होते. १९३५ च्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये खेळणी उसनी देणारी योजनाही सुरू झाली. पुस्तकासारखेच खेळणे घरी न्यायचे, खेळायचे, परत करायचे.

ऐकण्याच्या पुस्तकांची कथा वेगळ्या वाटेने येते. मार्च १९३१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अंध प्रौढांसाठी ग्रंथालय सेवेचा कायदा केला. सुरुवातीला ब्रेल पुस्तकेच होती. पण प्रौढ वयात दृष्टी गेलेल्या अनेकांना बोटांनी वाचणे जमत नसे. गाण्याच्या नेहमीच्या तबकडीवर चार-पाच मिनिटे मावत, तिच्यावर कादंबरी कशी बसवणार? म्हणून तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी ३३⅓ फेऱ्यांनी फिरवली आणि खाचा जवळ-जवळ कोरल्या, तेव्हा एका बाजूला पंधराएक मिनिटे बसली. १९३४ पासून ही बोलती पुस्तके टपालाने घरी जाऊ लागली. ब्रिटनमध्ये ती १९३५ साली आली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक तिथे डोळ्यांसमोर होते. बाजारात याच वेगाच्या लाँग प्ले तबकड्या आल्या त्या १९४८ मध्ये. म्हणजे संगीताच्या शौकिनांना जे चौदा वर्षांनी मिळाले, ते अंध वाचकांच्या घरी आधीच वाजत होते. कानात इअरफोन घालून पुस्तक ऐकताना मला हे नेहमी आठवते. ही सोय आपल्यासाठी निघालेली नाही, आपण मागून तिच्यात शिरलो.

४ जुलै १९७१ या दिवशी इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर वेळ मिळाला होता. त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून काढला, सगळा मोठ्या अक्षरांत, कारण त्या यंत्राला इंग्रजीची लहान अक्षरे येत नव्हती. सगळ्यांना तो पाठवला असता तर संगणकांचे जाळेच बंद पडले असते, म्हणून तो कुठे ठेवला आहे एवढेच कळवले. सहा जणांनी तो उतरवून घेतला. तिथून प्रोजेक्ट गटेनबर्ग हे मोफत ई-पुस्तकांचे भांडार उभे राहिले. हार्ट पुढे वर्षानुवर्षे एकेक पुस्तक हाताने टंकत राहिला. २००५ मध्ये लिब्रिवॉक्स सुरू झाले. प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेली पुस्तके जगभरचे स्वयंसेवक आपापल्या घरात बसून वाचतात, ध्वनिमुद्रित करतात आणि सगळ्यांना मोफत देतात. केंटकीच्या बायकांनी गोधडीचा नमुना परत पाठवला, तसेच हे, फक्त आता लोक आपला आवाज पाठवतात.

नव्या पुस्तकांचे मात्र इतके सरळ नव्हते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००३ मध्ये ई-पुस्तके उसनी द्यायला सुरुवात केली, आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेते, मग ते शिवून, चिकटवून हवे तितके दिवस देते. ई-पुस्तक बहुधा विकत मिळतच नाही, त्याचा परवाना मिळतो. एक प्रत एका वेळी एकच वाचक, हा नियम त्या परवान्यातच लिहिलेला असतो. म्हणूनच फोनवरच्या पुस्तकालाही रांग लागते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ठरवले की २६ वेळा दिल्यावर ग्रंथालयाची ई-प्रत संपेल, पुन्हा पैसे भरा. दोन आठवड्यांच्या हिशेबाने २६ वेळा म्हणजे एक वर्ष. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालयाला एकच प्रत देण्याचा निर्णय अमलात आणला. शहर केवढेही असो, प्रत एकच. मार्च २०२० मध्ये तो मागे घेतला गेला. लेखकाला आणि प्रकाशकाला मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण झिजत नसलेल्या वस्तूला झिजायला लावणे ही हेरफर्डचीच साखळी आहे, आणि या वेळी ती पुस्तक घरात आल्यावर लागली आहे.

२०२० च्या मार्चमध्ये जगभरच्या ग्रंथालयांची दारे बंद झाली, तेव्हा इतक्या वर्षांत जमलेले हे सगळे एकदम वापरात आले. गोष्टींचा तास पडद्यावर गेला. काही ग्रंथालयांनी इमारत बंद ठेवून वाय-फाय चालू ठेवले, लोक बाहेर गाडीत बसून ते वापरत. हस्तकलेचे साहित्य कागदी पिशव्यांत भरून दाराशी ठेवले जाई: रंगीत कागद, दोरा, मोजून घातलेली बटणे, कृतीचा कागद. याच काळात इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने आपल्या १४ लाखांच्या आसपास स्कॅन केलेल्या पुस्तकांवरची रांग उठवली. चार मोठ्या प्रकाशकांनी जूनमध्ये दावा लावला. मार्च २०२३ मध्ये निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. एका छापील प्रतीच्या बदल्यात एक स्कॅन उसनी देण्याची जी रीत आर्काइव्ह आधीपासून पाळत होते, तीही न्यायालयाला मान्य झाली नाही. आज घरून काय वाचता येईल, याची हद्द या निकालाने बरीचशी आखली आहे.

प्रताधिकार संपलेल्या चित्रांवर मात्र अशी हद्द नाही. ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून अधिक चित्रे कोणालाही वापरायला खुली केली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने जानेवारी २०१६ मध्ये १ लाख ८० हजारांवर वस्तूंच्या प्रतिमा तशाच मोकळ्या केल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातली रेखाचित्रे घरी छापून रंगवण्याचे आवाहन केले, इतर ग्रंथालयेही त्यात उतरली, आणि तो उपक्रम दर फेब्रुवारीला होऊ लागला.

अशीच एक प्रतिमा मी भाचीसाठी छापली होती. निसर्गअभ्यासक कोनराड गेसनरच्या सोळाव्या शतकातल्या प्राणिग्रंथात गेंड्याचे चित्र आहे, ते ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५१५ च्या चित्रावरून घेतलेले. ड्यूररने गेंडा स्वतः कधी पाहिला नव्हता, म्हणून त्याच्या अंगावर चिलखतासारखी कवचे आहेत आणि मानेमागे एक जास्तीचे, पिळाचे छोटे शिंग. गेसनरच्या ग्रंथातली चित्रे काळ्या रेषांनीच छापलेली असत, आणि काही प्रती हौशीने हाताने रंगवलेल्या आजही सापडतात. भाचीने कवचे हिरवी केली, पाय तपकिरी केले आणि त्या मागच्या शिंगापाशी अडली. हे खरंच असतं का, असे तिने विचारले. नसतं, म्हटले. मग बराच वेळ पेन्सिलींचा डबा चाळून तिने त्याच्यासाठी जांभळा निवडला.